पिकअपच्या हौद्यात बसणारा पॉप-अप कॅम्पर: बांधणी, वजन आणि खान्देशचं ऊन

रावेरी_पिकअप (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. भटकंतीच्या गप्पांमध्ये आमच्या कॅम्परचा, म्हणजे पिकअपवर बसणाऱ्या फिरत्या खोलीचा, फोटो टाकल्यापासून निरोपांत तेच तेच प्रश्न येताहेत. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहितो. पुढे कुणाला बांधायचा असेल तर शोधाशोध करावी लागणार नाही.

गाडी म्हणजे आमची शेतातलीच बोलेरो पिकअप. १.३ टनाची, एका केबिनची. केळीची कटाई सुरू असली की तिला उसंत नसते. एरवी खतं, ठिबकच्या नळ्या, कधी बाजाराचा माल. पण वर्षातले बरेच दिवस ती शेडमध्ये उभीच असते. फिरण्यासाठी वेगळी मोठी गाडी घ्यायची, तिचे हप्ते भरायचे आणि तीही उभीच ठेवायची, हे मला पटत नव्हतं. म्हणून हौद्यात चढवता येईल आणि परत आल्यावर उतरवता येईल असा कॅम्पर बांधून घेतला. आज तोरणमाळहून आलो तर उद्या सकाळी गाडी केळीला मोकळी. माझ्या दृष्टीने या प्रकाराचा सगळ्यात मोठा गुण हाच, आणि शेतकऱ्याच्या घरी तो जास्त उपयोगी आहे असं मला मनापासून वाटतं.

पॉप-अप म्हणजे खालची पेटी पक्की, छप्पर वर उचलणारं, आणि दोन्हींच्या मध्ये जाड कापडाची भिंत. चालताना छप्पर खाली बसलेलं असतं, त्यामुळे कॅम्परची उंची केबिनपेक्षा थोडीच जास्त भरते. मुक्कामाला छप्पर उचललं की आत ताठ उभं राहता येतं. आपल्याकडे या बुटकेपणाचं मोल फार. भुसावळवरून चारी दिशांना रेल्वे लाईनी फुटल्यात, त्यामुळे गावोगावी लाईनीखालचे बोगदे आहेत आणि त्यांच्या तोंडाशी उंचीचे लोखंडी आडवे बार. शेतरस्त्यांवर बाभळीच्या फांद्या. आणि कन्नडच्या घाटात आडवा वारा लागला की उंच गाडी कशी डोलते ते चालवणाऱ्याला विचारा.

मापं सांगतो. आमचा हौदा साडेआठ फुटांच्या आसपास लांब आणि साधारण साडेपाच फूट रुंद. पेटीची आतली उंची सव्वाचार फूट, छप्पर उचललं की सव्वासहा. सांगाडा ॲल्युमिनियमच्या चौकोनी सेक्शनचा, बाहेरून पातळ ॲल्युमिनियम पत्रा, मध्ये थर्माकोलसारखा पण दाट फोम, आतून हलकी प्लाय. दोन्ही अंगांना बाकडी, रात्री मधली फळी टाकली की सव्वासहा फूट लांब बिछाना. स्वयंपाकाचा ओटा मागच्या बाजूला, फाळका (हौद्याची मागची फळी) पाडला की बाहेर उभं राहूनच स्वयंपाक करता येतो.

रिकाम्या कॅम्परचं वजन काट्यावर ३८० किलो भरलं. पाणी, गॅस, बॅटरी, भांडी, गाद्या, कपडे धरून साडेपाचशेच्या आत राहतो. १.३ टनाच्या गाडीला हे ओझं काहीच नाही.

विचारा काय विचारायचं ते.

सातपुडा_भटक्या

भलतं भारी काम शे भो! फोटो पाहिल्यापासून डोक्यात तेच घोळतंय.

एक मनापासूनची शंका. मी गेली कित्येक वर्षं तंबू घेऊन फिरतोय. तंबू पाठीवर मावतो. एवढं सगळं बांधून, चढवून, उतरवून तुम्हाला तंबूपेक्षा जास्त काय मिळतं? आणि खर्च किती आला?

रावेरी_पिकअप

भाऊ, प्रश्न रास्त आहे. मी तंबूला नावं ठेवणार नाही. अस्तंब्याच्या यात्रेला पायी चढायचं असेल तर तिथे कॅम्पर काय कामाचा?

जास्त काय मिळतं ते सांगतो. पहिली गोष्ट, जमिनीपासून अडीच फुटांहून वर झोप. पावसाळ्याच्या आगेमागे सातपुड्यात विंचू-सापाची धास्ती असते, बायको-मुलं सोबत असली की ती दुप्पट होते. दुसरी, रात्री दहाला पोचलो तरी पाच मिनिटांत बिछाना तयार. तिसरी माझ्या आईची. तिचे गुडघे गेलेत, तिला खाली बसून उठता येत नाही. आईला न्यायचं तेव्हा ती आणि मी केबिनमध्ये असतो, बायको मागून एसटीने किंवा भावाच्या गाडीत येते. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर आईने बाकड्यावर बसून स्वतःच्या हाताने चहा केला. तंबूत ते शक्य नव्हतं.

खर्च साहित्य आणि मजुरी मिळून तीन लाखांच्या आत. त्यात निम्म्याहून जास्त ॲल्युमिनियम, कापड आणि बॅटरीत गेले.

डेन्वरकर_मूळचा_अमळनेरचा

अमळनेरहून इकडे कोलोरॅडोत येऊन बरीच वर्षं झाली. माझ्याकडे पिकअपवरचा पॉप-अप आहे, म्हणून थोडी भर घालतो.

इकडे हा प्रकार जुना आहे. फोर व्हील कॅम्पर्स ही कंपनी १९७२ पासून हेच बनवते. अलास्कन नावाचे कॅम्पर त्याच्याही आधीचे. त्यांत कापड नसतं, वरची अख्खी पेटीच हायड्रॉलिकने खालच्या पेटीवरून वर सरकते. काही छोटे कारखाने गिऱ्हाईकाच्या गाडीचं माप घेऊन एकेक कॅम्पर वेगळा बांधतात. माझाही तसाच बांधून घेतलेला. असा बांधून घेण्यात फायदा हा, की नको ते काढता येतं. मी आतलं न्हाणीघर, गरम पाण्याची टाकी आणि मोठा ओव्हन काढायला लावला. त्याने वजन उतरलं, आणि वजन उतरलं की बाकीचे निम्मे त्रास आपोआप जातात.

इकडच्या लोकांची मोठी अडचण वजनाचीच. हौशी दुहेरी केबिनच्या पिकअप दिसायला धिप्पाड, पण हौदा पाच-सहा फुटांचा आणि वाहनक्षमता मर्यादित. पाण्याने भरलेला, फ्रिज-हीटर असलेला कॅम्पर पाचशे किलोच्या पुढे सहज जातो, वर चार माणसं बसली की गाडी क्षमतेबाहेर. मग मागचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवा, हवेच्या पिशव्या बसवा, असं सुरू होतं. आणि पाटे वाढवले तरी गाडीची कागदावरची क्षमता वाढत नाही, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

तुमच्या १.३ टनाच्या गाडीबद्दल वाचून खरंच हेवा वाटला. एक विचारू? केबिनच्या डोक्यावर येणारा बिछाना तुम्ही ठेवलेला दिसत नाही. आमच्याकडे तर तो जवळपास प्रत्येक कॅम्परला असतो.

रावेरी_पिकअप

आबा, मुद्दाम टाळला. तुमच्याकडे हौदा पाच-सहा फुटांचा, म्हणून झोपायची जागा केबिनवर काढावी लागते. आमच्याकडे हौदाच साडेआठ फुटांचा, सरळ लांबीत पाय पसरून झोपता येतं. मग पुढे लोंबणारं वजन कशाला? वजन जितकं खाली आणि जितकं मागच्या चाकांच्या थोडं पुढे, तितकी गाडी घाटात शहाण्यासारखी वागते. कायद्याच्या बाजूनेही कुठून काही बाहेर आलेलं नको होतं. त्यावर इथे जाणकार कुणी असेल तर लिहावं.

नंदुरबारची_वकील

लिहिते. हा भाग घाईने वाचू नका.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे हौदा कापून, चासीला वेल्डिंग करून कायमचं घर बांधायचं असेल तर तो सरळसरळ गाडीतला बदल आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि कायमची बांधणी हवी असेल तर मान्यताप्राप्त बांधणीकाराकडून त्या वाटेनेच जावं.

धागाकर्त्यांचा कॅम्पर गाडीला जोडलेला नाही, बांधलेला आहे, चार टर्नबकल (फिरवून आवळायच्या ताण-कड्या) सोडले की गाडी मूळ रूपात येते. ही बाजू महत्त्वाची आहे. तरी रस्त्यावरचा अधिकारी त्याकडे कसं बघेल हे त्या त्या वेळी ठरतं, म्हणून बांधणीआधी आपल्या आरटीओत लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर कळवून उपयोग नसतो.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४(१अ) आलं. माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीपेक्षा बाहेर आला तर २०,००० रुपये दंड, शिवाय तो उतरवण्याचा खर्च. केबिनवर पुढे आलेला बिछाना टाळला ते फार बरं केलंत.

आणि सगळ्यात आधीची गोष्ट: गाडी चालू असताना कॅम्परमध्ये कुणीही बसायचं नाही. लहान मूल झोपलंय म्हणूनही नाही. मालवाहू गाडीत केबिनमध्ये जेवढी माणसं नोंदलीत तेवढीच. मागचे दिवे आणि नंबरप्लेट पूर्ण दिसली पाहिजे.

राज्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. ते पर्यटन व्यवसायासाठी आहे. शेतातली पिकअप पाहुण्यांना भाड्याने देण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो इथेच सोडावा.

रावेरी_पिकअप

ताई, अगदी नेमकं लिहिलंत. आम्ही दोघंच जातो त्याचं कारण हेच, केबिनमध्ये दोनच माणसं. मुलं येतात तेव्हा ती भावाच्या गाडीत बसतात आणि मुक्कामी पोचल्यावर कॅम्परमध्ये. पाचजणांच्या कुटुंबाने दुहेरी केबिनची गाडी बघावी, हौदा मग छोटा मिळेल हे धरून.

शेडमधला_फिटर

मी जळगाव एमआयडीसीत बॉडीचं काम करतो. गाडीवर कॅम्पर बांधलेला नाही, पण रिफर व्हॅनच्या (माल थंड ठेवून नेणाऱ्या गाड्यांच्या) पेट्या, दुधाच्या गाड्या खूप केल्या. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

लोखंडी एक इंची पाईपमध्ये कुणीही स्वस्तात करून देईल. पण लोखंड ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड. घनता बघा, ७.८५ आणि २.७. ॲल्युमिनियम जास्त जाडीचं घ्यावं लागतं हे धरूनही वजनात मोठा फरक पडतो. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं आणि तो हात प्रत्येकाकडे नसतो. वेल्डिंगच्या बाजूची धातू नरम पडते आणि खडखडाटात पहिली चीर तिथेच जाते. म्हणून कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी टाकून रिव्हेट मारा.

दुसरं, लोखंडी बोल्ट सरळ ॲल्युमिनियमला लावू नका. पाणी लागलं की दोन धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियम पांढरं पडून खात जातं. मध्ये नायलॉनचा किंवा रबराचा वॉशर हवाच. बिजागऱ्या आणि कड्या स्टेनलेसच्या घ्या, आणि त्यांच्याही खाली वॉशर.

धागाकर्त्यांना विचारायचंय, छप्पर कशाने उचलता? गॅस शॉकर की पंप?

रावेरी_पिकअप

गॅस शॉकर, म्हणजे दाबलेला वायू भरलेल्या दांड्या, चारही कोपऱ्यांना, आणि पुढे-मागे घडीच्या फळ्या. उघडण्याची रीत सांगतो. आधी बाहेरून चार कड्या सोडायच्या. मग आत वाकून शिरायचं, मागच्या फळीला खांदा लावायचा आणि मांडीच्या जोराने वर रेटायचं. अर्ध्यावर शॉकर स्वतः ओढून घेतो, कापड ताणलं जाताना फट्ट आवाज येतो आणि फळी उभी राहते. मग पुढची. मिटवताना उलटं, पण कापड बाहेर लोंबू नये म्हणून आतून चौफेर लवचिक दोरी ओवलीय. ती कापड आत ओढते. तरी एक चक्कर मारून हाताने घडी आत सारावी लागते. कापड एकदा पत्र्याच्या कडेत चेमटलं की तिथून फाटतं.

शॉकरची गंमत अशी, की आतला वायू थंडीत आकसतो आणि उन्हात फुगतो. डिसेंबरच्या पहाटे छप्पर उचलायला जड, मे महिन्याच्या दुपारी खाली दाबायला जड. कारागिराने सुचवलेल्या ताकदीपेक्षा थोडे कमी ताकदीचे घेतले ते याचसाठी. उचलायला खांदा लावता येतो, दाबायला मात्र लोंबकळावं लागतं.

तुमचा वॉशरचा मुद्दा सोन्यासारखा आहे. आमच्या टर्नबकलच्या कड्यांना तसं केलंय, बिजागऱ्या या आठवड्यात तपासतो.

गिरणाकाठची

सगळं वाचलं. आता घरातल्या बाईने विचारायचे प्रश्न विचारते. शौचाचं काय? आंघोळ कुठे? रात्री अनोळखी जागी थांबताना भीती नाही वाटत? आणि स्वयंपाक खरंच होतो की बाहेरच खाता?

रावेरी_पिकअप

यांच्याच खात्यावरून मी लिहितेय, यांची बायको. ताई, हे प्रश्न मीच आधी विचारले होते, म्हणून उत्तरं माझ्याकडून.

आत घडीचा कमोड आहे, वर पाण्याची टाकी आणि खाली बंद डबा, असा दोन भागांचा. रात्री-अपरात्री बाहेर जावं लागत नाही, मला यातच निम्मं समाधान आहे. सकाळी डबा योग्य जागी, म्हणजे शौचालयातच, रिकामा करायचा. नदीकाठी किंवा रानात कधीच नाही. आंघोळीला मागच्या फाळक्याच्या बाजूला कापडी आडोसा लावतो. काळ्या रबरी पिशवीत पाणी भरून छपरावर ठेवलं की दुपारपर्यंत ते कढत होतं, आपल्याकडे गिझर लागतोच कुठे?

भीतीचं म्हणाल तर आम्ही एकाकी जागी थांबतच नाही. नातेवाइकांचं शेत, देवस्थानाचं आवार, ओळखीचा ढाबा, नाहीतर मोठा पेट्रोल पंप. आधी विचारतो, मग थांबतो. खान्देशात 'थांबू का' विचारलं की माणसं आधी जेवलात का विचारतात. कापडाच्या खिडक्यांना आतून चेन आहे, दाराला दोन कड्या. आणि कॅम्परच्या आतून केबिनमध्ये जाता येत नाही हे लक्षात ठेवून किल्ली आणि फोन झोपताना उशाशी घ्यायचा.

स्वयंपाक होतो आणि छान होतो. एका बर्नरची शेगडी आणि ५ किलोचा सिलेंडर. कळण्याची भाकरी थापायला परात मावेल एवढा ओटा मी अडून बसून मोठा करून घेतला, कारागीर दोन इंच कमीच करत होता. तवा हलू नये म्हणून शेगडीला चारी बाजूंनी उभी पट्टी आहे. भरीत मात्र आत नाही. कपाशीच्या काड्या सोबत नेते, वांगी बाहेर भाजते. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव नाही आणि कापडाच्या भिंतीला धुराचा वास महिनाभर राहतो.

गॅसबद्दल एक: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी आहे, आणि तो कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद. गाडी निघण्याआधी रेग्युलेटर काढायचा. शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी, आणि शेगडीची ऊब घेत झोपायचं तर मुळीच नाही.

धुळेकर

वहिनी, दादांपेक्षा तुमचा प्रतिसाद जास्त कामाचा निघाला, मनापासून सांगतो.

माझा प्रश्न उन्हाचा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या पेटीत माणूस भाजून निघेल. एसी लावलाय का? सोलर किती?

रावेरी_पिकअप

हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा विषय, म्हणून सविस्तर लिहितो. परदेशातले कॅम्पर पाहून नक्कल करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. तिकडची अर्धी डोकेफोड थंडीसाठी असते. हीटर, जाड अस्तर, वाफ धरणं. आपल्याला सगळं उन्हासाठी करायचंय.

एसी लावला नाही. रात्रभर एसी चालवायचा तर बॅटरीच एवढी लागते की वजन आणि पैसा दोन्ही हाताबाहेर जातात. त्याऐवजी चार गोष्टी केल्या.

छप्पर पांढरं. साधा पांढरा रंग, चकचकीत नाही. वर हात ठेवून बघा, पांढऱ्या पत्र्यावर हात टिकतो, उघड्या ॲल्युमिनियमवर टिकत नाही.

फोम सांगाड्याच्या मधल्या चौकटींत भरलेला आहे, पण सांगाड्याची धातू स्वतः आतपर्यंत ऊन आणते. म्हणून आतल्या प्लायच्या आणि सांगाड्याच्या मध्ये फोमची पातळ पट्टी लावली. हे काम कारागिराला कंटाळवाणं वाटतं, पण दुपारी आतल्या प्लायला पाठ टेकवता येते ती या पट्टीमुळे.

कापडाच्या भिंतीला चारी बाजूंनी जाळीच्या खिडक्या. गरम हवा वर जाते आणि पॉप-अपमध्ये वरचाच भाग मोकळा असतो. ऊन उतरल्यावर छप्पर उचललं की आतली कोंडलेली हवा दोन-चार मिनिटांत निघून जाते. पक्क्या भिंतीच्या गाडीत हे होत नाही. खान्देशात कापडी भिंतीचा कॅम्परच बरा, असं मी त्यामुळेच म्हणतो.

चौथं, १२ व्होल्टचा छोटा कूलर, वाळ्याचा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरसारखं साधन नाही, पाणी उडालं की हवा गार. जूनमध्ये दमट हवा आली की त्याचा उपयोग संपतो, तेव्हा नुसता पंखा. पाणी मात्र तो बरंच पितो, म्हणून उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याशिवाय एक कॅन वेगळा.

सोलर १६० वॅट. छपरावर बसवलेलं नाही, सुटं आहे, लांब वायरचं. गाडी सावलीत लावायची आणि पॅनल उन्हात टाकायचं. छपरावर बसवलं असतं तर चार्जिंगसाठी गाडी उन्हात उभी करावी लागली असती आणि आत आपण शिजलो असतो. शिवाय उचलायचं वजन वाढलं असतं. आणि पॅनलला ऊन हवं, उष्णता नको. पेशींचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी. मे महिन्यात पॅनल ७० अंशांपर्यंत तापतं, म्हणजे सुमारे १८ टक्के वीज तिथेच गेली. जमिनीवर तिरकं ठेवलं की खालून हवा खेळते, तेवढंच कमी तापतं.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०० अँपिअर-तासाची. शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी वजन. तिला केबिनच्या बाजूच्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवलंय, कारण उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं.

इतकं करूनही सांगतो, ऐन मे महिन्यात दुपारी आत थांबू नये. दुपार चिंचेखाली, निंबाखाली काढायची आणि झोपायला कॅम्पर. किंवा सरळ थंड हवेचं तोरणमाळ गाठायचं.

डेन्वरकर_मूळचा_अमळनेरचा

फ्रिजबद्दल एक राहिलं. गॅसवर आणि विजेवर दोन्हींवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज कुणी सेकंडहँड देत असेल तर खान्देशासाठी घेऊ नका. त्याला गाडी सपाट जागी हवी असते आणि बाहेर फार उष्ण असलं की तो मान टाकतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरचा फ्रिज घ्या.

धुळेकर

तोरणमाळच्या घाटाचा अनुभव लिहा की. सातपायरीची वळणं भरलेल्या पिकअपने कशी जमतात?

रावेरी_पिकअप

छान जमतात. साडेपाचशे किलो म्हणजे या गाडीला अर्ध्यापेक्षा कमी माल. उलट अडचण निराळी आहे. हे पाटे केळी वाहायला बनवलेत. कमी ओझ्यावर ते दबत नाहीत आणि प्रत्येक खड्डा कॅम्परच्या सांध्यांना लागतो. काहीजण सुचवतात, एक पाटा काढून टाका. मी काढणार नाही, परत आल्यावर गाडीला मालच वाहायचाय. मागच्या टायरची हवा ओझ्याच्या हिशेबाने कमी ठेवतो, कंपनीच्या तक्त्यात हलक्या ओझ्यासाठी जी दिलीय तेवढीच. हौद्यात जाड रबरी मॅट अंथरलीय, तिने कॅम्पर सरकत नाही आणि हादराही थोडा मरतो. निघाल्यावर पहिल्या चहाला थांबलो की टर्नबकल हाताने तपासायचे. नव्या बांधणीत ते ढिले पडतातच. फार आवळूही नयेत. हौदा वळणावर थोडा पिळतो, कॅम्परला त्याच्यासोबत पिळू द्यायचं नसतं. आम्ही पुढच्या दोन टर्नबकलना जाड स्प्रिंग लावलीय.

उतरताना घाटात ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं.

सातपुडा_भटक्या

आणि पावसाळा? काळ्या मातीत गाडी रुतली तर?

रावेरी_पिकअप

रुतणारच. आपली काळी माती भिजली की दोन चाकांच्या ताकदीचं काही चालत नाही. जून ते सप्टेंबर आम्ही मुरमाच्या किंवा खडीच्या जागेवरच थांबतो, हिरवळ कितीही मोहात पाडो. पावसात मिटवलेलं कापड ओलं राहतं. घरी आल्यावर त्याच दिवशी शेडमध्ये छप्पर उघडून पंखा लावून वाळवायचं. दोन-तीन दिवस तसंच ठेवलं की बुरशीचे काळे ठिपके, ते परत निघत नाहीत.

कॅम्पर चढवण्या-उतरवण्याचंही निरोपात कुणीतरी विचारलं होतं. परदेशात चार कोपऱ्यांना जॅक असतात. आमच्या शेडला लोखंडी गर्डर आहे, कारागिराकडून त्याची ताकद तपासून घेऊन चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) टांगलाय. कॅम्पर उचलायचा, गाडी खालून काढायची, कॅम्पर लाकडी ओंडक्यांवर टेकवायचा. दोन माणसं पुरतात. टांगलेल्या कॅम्परखाली कुणी जायचं नाही, हा घरातला पक्का नियम.

शहादेकर

दत्तजयंतीला सारंगखेड्याला या. घोडेबाजार पाहायला लांबलांबची माणसं येतात, मुक्कामाची आबाळ होते, तुमच्या कॅम्परला तर ती जागा फारच सोयीची. तापीकाठी त्या दिवसांत थंडी कडक असते, कापडाच्या भिंतीचं काय करता?

रावेरी_पिकअप

येणारच. थंडीसाठी आतून जुन्या गोधड्यांचा पडदा शिवून घेतलाय, चारी बाजूंना वेलक्रोने लागतो.

पाटणादेवी, यावल अभयारण्य, पाल या बाजूंना जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: अभयारण्याच्या हद्दीत रात्री गाडी लावून थांबायचं तर वनविभागाची परवानगी लागते. आम्ही पाटणादेवीला दिवसभर फिरून मुक्कामाला खाली चाळीसगावकडे येतो.

पहूरचा_पोऱ्या

मी ठरवलंय. वडिलांची पिकअप आहे, १.७ टनाची, कपाशी वाहायची. कारागीर आगाऊ पैसे मागतोय. पहिलं काय करू?

रावेरी_पिकअप

पैसे देऊ नकोस अजून. आधी इंधनाची टाकी भरून, तुम्ही जे जाणार ते सगळे बसून, गाडी जिनिंगच्या काट्यावर ने. पूर्ण गाडीचं वजन घे, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वेगळं घे. आरसीवर लिहिलेलं कमाल वजन त्याच्या शेजारी मांड. मग हौद्याची आतली मापं घे, चाकांच्या फुगवट्यासकट आणि फाळका लावून. आरटीओला वरच्या ताईंनी सांगितलं तसं लेखी पत्र दे. कारागिराकडून सांगाड्याचा एक कोपरा नमुना म्हणून बनवून घे आणि शेडमधल्या फिटरदादांना त्याचा फोटो दाखव, ते इथे आहेतच. आणि आईला, बहिणीला ओट्याची उंची विचारून घे.

काट्याची पावती मिळाली की आकडे इथे टाक. बाकड्यांची मांडणी आणि पाण्याची टाकी कुठे ठेवायची ते त्यावरून ठरवू.